नातीस कोणत्याही एका कायद्यात बसवून मिळणेबाबत

प्रति,
मा. सक्षम प्राधिकारी साहेब,
(हुद्दा व कार्यालय चार महिने शोधूनही अर्जदारास कळलेले नाही. ज्यांच्या टेबलावर हा अर्ज अखेर थांबेल, ते.)

अर्जदार : काशीनाथ नारायण सावे, वय ६७, सेवानिवृत्त अव्वल कारकून, रा. चिखले, ता. डहाणू, जि. पालघर

विषय : अर्जदाराची नात कु. अदिती शैलेश सावे, वय ९, हिला बालसंरक्षणाच्या कोणत्याही एका कायद्यात बसवून मिळणेबाबत, तसेच त्या कायद्यातली फट बुजवणारे साहेब नक्की कोण, ते कळविणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचे यापूर्वीचे सात अर्ज. २) त्यांस आलेली सात उत्तरे. ३) दि. १८ ऑगस्ट २०२५ चा खुलासा, ज्याखाली सही अर्जदाराच्या मुलाची असली तरी अक्कल अर्जदाराची आहे.

महोदय,

१. उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, अर्जदाराने तलासरीत चौतीस वर्षे सरकारी टेबलावर काढली आहेत. आलेला अर्ज कुठे वर्ग करावा, कोणत्या शब्दाने परत पाठवावा आणि कोणत्या शब्दाने तो पुन्हा येणारच नाही अशी तजवीज करावी, हे त्यास पुरते अवगत आहे. सबब साहेबांनी वरच्या कोपऱ्यात "संबंधितांकडे वर्ग" असा शेरा मारण्यासाठी पेन उचलले असल्यास ते कृपया खाली ठेवावे. तो शेरा अर्जदाराने स्वतः हजारो वेळा मारला आहे. संबंधित म्हणून कोणी नसतो, साहेब. तसेच खाल्ल्या मिठाला जागून अर्जदार या अर्जात कोणत्याही कार्यालयाचे नाव घेणार नाही. सगळे आपलेच लोक आहेत.

२. अर्जदाराची चिखले येथे दीड एकर चिकूची वाडी व त्या वाडीत घर आहे. घरात अर्जदार, पत्नी नर्मदा, मुलगा शैलेश, सून कीर्ती आणि नात अदिती, जिला घरी अदू म्हणतात, अशी पाच माणसे नांदत होती. सन २०२२ च्या फेब्रुवारीत, अदू पाच वर्षांची असताना, वटवाघळाने अर्धा खाऊन टाकलेला चिकू तिला झाडाखाली सापडला. तिने तो एका हातात धरला, दुसरा हात कमरेवर ठेवला आणि वर पाहून वटवाघळाची खरडपट्टी काढली, "खाल्लंस ते खाल्लंस, उष्टं कशाला टाकलंस? आजीनं बघितलं ना, तर तुला जेवायलाच देणार नाही!" शैलेशने ते सहज मोबाईलवर टिपले. त्या व्हिडिओत मागे एक म्हातारा खो खो हसताना ऐकू येतो. तो म्हातारा म्हणजे अर्जदार. तीन दिवसांत चार लाख लोकांनी तो व्हिडिओ पाहिला. तलासरीच्या जुन्या सहकाऱ्यांना तो पाठवणारा आणि "पाहिलात का?" म्हणून वर फोन करणाराही अर्जदारच. सुरुवात कोणी केली असे चौकशीत निघाल्यास अर्जदाराचे हसणे पुराव्यात धरावे.

३. वर्षभरात "अदूची वाडी" या नावाचे चॅनेल झाले. शैलेशने हद्दीपलीकडच्या, गुजरातेतल्या कंपनीतली पाळीची नोकरी सोडली. देवघराच्या प्लगवर गोल दिवा लागला, विहिरीपाशी मोबाईलचा स्टँड कायमचा रोवला गेला. आधी रविवारी, मग एक दिवसाआड, मग रोज. येथे अर्जदार प्रामाणिकपणे नमूद करतो की, शैलेश पोरीला मारत नाही. रागवतही नाही. कीर्ती तिला दोन वेळा गरम जेवू घालते. पोर अंगाने बरी आहे, कपडे तर इतके आहेत की कपाट लागत नाही. शैलेश फक्त एवढेच म्हणतो, "अदू, बेटा, लास्ट टाइम." असे लास्ट टाइम अर्जदाराने एका दुपारी अकरा मोजले. शेवटी शेवटी पोर स्वतःच आधी म्हणू लागली, "पप्पा, लास्ट टाइम ना?" आणि पुन्हा जागेवर जाऊन उभी राहू लागली. अर्जदार ओट्यावर बसून वर्तमानपत्र वाचत होता. वाचत होता म्हणजे, समोर धरून बसला होता.

४. जून २०२५ मध्ये अदू तिसरीत गेली आणि तिला नवीन वर्गशिक्षिका मिळाल्या, विनिताबाई. पंधरा दिवसांतच अदू मैदानात पळताना पडली. गुडघा फुटला, रक्त आले. बाई धावत गेल्या. पोर रडली नाही. उठली, धूळ झटकली, त्याच जागी परत आडवी झाली आणि बाईंना विचारले, "बाई, मागून शूट केलं का? की परत पडू?" विनिताबाईंना त्या दिवशी घास गेला नाही, असे त्यांनी पुढे अर्जदारास सांगितले. त्यांनी रीतसर तक्रार लिहिली आणि पाठवली. आमच्या घरात त्या बाईंचा उद्धार झाला. कीर्ती म्हणाली, "जळतात मेल्या." अर्जदार म्हणाला, "नवीन आहे, उत्साह आहे, दमेल." या वाक्याची अर्जदारास आजही लाज वाटते.

५. तक्रारीवरून शैलेशला पत्र आले, सात दिवसांत खुलासा सादर करावा. शैलेश घाबरला. अर्जदाराकडे पत्र घेऊन आला आणि म्हणाला, "बाबा, तुम्हीच लिहा ना. तुमच्यासारखं कुणाला जमणार?" साहेब, निवृत्त होऊन नऊ वर्षे झाली, इतक्या वर्षांत हे वाक्य अर्जदारास कोणी म्हटले नव्हते. अर्जदाराने चष्मा पुसला, बालकामगारांचा सन १९८६ चा कायदा काढला, त्यातली सन २०१६ ची दुरुस्ती काढली आणि भर दुपारी लिहायला बसला. साहेबांना ठाऊक असेलच, तरी नस्तीच्या सोयीसाठी लिहितो. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला लावता येत नाही. पण त्या भिंतीला दोन दारे आहेत. एक दार कलाकार मुलांचे. तिथे परवानगी लागते, दिवसाचे तास ठरलेले, मधली विश्रांती ठरलेली, आणि मुलाची इच्छा नसेल तर उभे करता येत नाही. दुसरे दार घरच्या उद्योगाचे. शाळा सुटल्यावर आणि सुट्टीत मुलाने घरच्यांना हातभार लावला तर हरकत नाही. तिथे ना परवानगी, ना कोणी बघायला येणार, ना मुलाला कोणी काही विचारणार. अर्जदाराने नातीला पहिल्या दारातून उचलले आणि दुसऱ्या दारात नेऊन बसवले. सहा परिच्छेदांचा खुलासा केला आणि त्यात "काम" हा शब्द एकदाही येऊ दिला नाही. "कौटुंबिक जिव्हाळ्याच्या क्षणांत बालिकेचा शालेय वेळेनंतरचा स्वयंस्फूर्त सहभाग" ही ओळ सुचली तेव्हा अर्जदाराने मांडीवर थाप मारली. चौकशी अधिकाऱ्यांनी शैलेशला फोन करून सांगितले की, असा मुद्देसूद खुलासा आजकाल बघायला मिळत नाही. प्रकरण नस्तीबद्ध झाले. त्या संध्याकाळी घरात शिरा झाला. अर्जदाराने दोनदा घेतला. नर्मदेने वाढता वाढता विचारले, "ह्यात पोरीला कुणी विचारलं का हो?" अर्जदाराने तिला समजावले की, नमुन्यात तसा रकाना नाही.

६. खुलाशात अर्जदाराने लिहून दिले होते की, चित्रण शाळेनंतर व संध्याकाळी सातच्या आत होते. मग ते पाळणे आले. शैलेश कायदा मोडणारा नाही, बापाचा शब्द तर मुळीच नाही. परिणामी सकाळचे सगळे व्हिडिओ संध्याकाळी पाचला होऊ लागले. शाळेतून दमून आलेली पोर गणवेश काढून रात्रीचे कपडे घाली, अंथरुणात शिरे, आळस देऊन उठे आणि "गुड मॉर्निंग" म्हणून दात घासे. पडदा ओढून, दिवा पिवळा करून उजाडलेले दाखवत. एका शनिवारी तिची चार वेळा सकाळ झाली. अर्जदाराच्या खुलाशाने पोरीची संध्याकाळच खाऊन टाकली, ही वस्तुस्थिती आहे.

७. सप्टेंबरात तिचा वरचा दात पडला. शाळेत, डबा खाताना पडला. तिने तो कंपासपेटीत घालून नाचत घरी आणला, कारण आजीने कबूल केले होते की आपण तो उंदराच्या बिळात टाकू आणि त्याच्याकडून नवा मागू. शैलेशचा चेहरा पडला. "अगं, शाळेत कशाला पाडलास?" तो म्हणाला. मग भाताचे शीत हिरडीला चिकटवून तो दात पुन्हा चार वेळा पाडण्यात आला. बिळात शीत गेले. खरा दात गोंधळात कुठे गेला, तो सापडलाच नाही. त्यावर पोर रडली तेव्हा मात्र स्टँडवरचा मोबाईल चालूच होता, आणि तो भाग लोकांना फार आवडला. आठ दिवसांनी अदू अर्जदारास हाताला धरून विहिरीमागे घेऊन गेली. तोंड उघडून बोटाने दाखवले आणि अगदी हळू म्हणाली, "आजोबा, हा पण हलतोय. पप्पांना सांगू नका. हा माझा माझा पडू दे." साहेब, अर्जदाराने आयुष्यात पुष्कळ अर्ज वाचले. इतका छोटा आणि इतका स्पष्ट अर्ज वाचल्याचे स्मरत नाही. त्यावर कार्यवाही करण्याचे अधिकार अर्जदारास नव्हते.

८. दुसऱ्याच दिवशी पहिल्या बसने अर्जदार खुलासा मागे घ्यायला गेला. त्यास सांगण्यात आले की, खुलाशावर सही शैलेशची आहे, तोच मागे घेऊ शकतो, आपण त्रयस्थ आहात. अर्जदार म्हणाला, "अहो, मी मुलीचा आजोबा आहे." तेव्हा तिथल्या तरुण अधिकाऱ्यांनी नम्रपणे पुस्तक उघडून दाखवले. या कायद्यापुरते कुटुंब म्हणजे आई, बाप, भाऊ, बहीण, काका, आत्या, मामा, मावशी. आजोबा नाही. आजी नाही. अर्जदाराने चष्मा काढून वाचले, लावून वाचले. चौतीस वर्षे कलमे चघळलेल्या माणसाच्या नजरेतून ते निसटले होते, कारण आजोबा कुटुंबात असतो की नाही हे पुस्तकात बघावे असे त्यास कधी वाटलेच नव्हते.

९. तेथून अर्जदाराची वणवण सुरू झाली, ती अद्याप चालू आहे. कामगारांचे बघणारे म्हणाले, मालक दाखवा, बाप हा मालक होत नाही. मुलांचे बघणारे म्हणाले, पोर उपाशी आहे का, मारहाण आहे का, टाकून दिली आहे का? नाही ना? मग "काळजी व संरक्षणाची गरज" कुठे आली? चित्रीकरणाच्या परवानगीचे टेबल म्हणाले, निर्माता असेल तर बोला, घरातला मोबाईल हा काही सिनेमा नव्हे. शिक्षणवाल्यांनी हजेरीपट काढला, हजेरी नव्वद टक्के, शेरा "चुणचुणीत". एका ठाण्यात अर्जदारास पाणी व खुर्ची मिळाली आणि प्रेमाने सांगण्यात आले, "काका, गुन्हा घडला की या." लोकप्रतिनिधींचे स्वीय सहायक म्हणाले, हे दिल्लीचे काम. दिल्लीस ऑनलाइन अर्ज केला, तर उत्तर आले की नियम राज्याने करावेत. राज्यास केला, तर तक्रार निकाली काढल्याचा संदेश आला आणि खाली विचारले होते, आपण समाधानी आहात का, पाचपैकी तारे द्या. ज्या कंपनीच्या ॲपवर हे सगळे चालते तिला इंग्रजीत लिहिले. तिचे उत्तर एका मिनिटात आले, धन्यवाद म्हणून. येथून पुढे अर्जदारास झोप येईनाशी झाली. साहेब, बैलगाड्याच्या शर्यतीला परवानगी लागते, बैलाला पळवण्याआधी जनावरांचे डॉक्टर तपासतात. अर्जदाराने वाडीतले वाळके झाड तोडायचे म्हटले तरी कागद लागतो. नऊ वर्षांची पोर दिवसातून चार वेळा सकाळी उठते, आणि तिच्याकडे बघणारा एकही सरकारी माणूस नाही. बघणारे आहेत ते नऊ लाख फॉलोअर.

१०. या टप्प्यावर अर्जदारास पुन्हा एकदा अक्कल सुचली, आणि ती पहिल्यापेक्षा महाग पडली. कायद्याने आजोबा कुटुंबात नाही. ठीक. वाडीचा सातबारा आजोबाच्या नावे आहे. सबब वाडी कुटुंबाची नाही. सबब तिथे चालणारा तो घरचा उद्योग नव्हे, परक्याच्या जागेतले चित्रीकरण आहे, आणि त्यास जागामालकाची हरकत आहे. मुलीला मूल म्हणून वाचवता येत नव्हते. मागे दिसणाऱ्या चिकूच्या झाडांचा मालक म्हणून हरकत घेता येत होती. अर्जदाराने तशी नोटीस तयार केली, पंधरा दिवसांची मुदत घातली आणि ती शैलेशला रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह पाठवली. शैलेश शेजारच्या खोलीत झोपतो. पोस्टमन ललित पाकीट घेऊन आला, पाठवणारा वाचला, घेणारा वाचला, आणि म्हणाला, "सावेकाका, हाक मारली असती तरी चाललं असतं की हो." अर्जदाराने त्यास आपले काम करण्यास सांगितले.

११. शैलेश भांडला नाही. भांडला असता तर बरे झाले असते. त्याने नोटीस वाचली, घडी केली आणि खिशात ठेवली. "बाबा, तुम्ही मला नोटीस दिलीत?" एवढेच म्हणाला. पंधराव्या दिवशी दारात टेम्पो लागला. हद्दीला लागून असलेल्या वेवजीला त्याच्या जुन्या मित्राची जागा रिकामी होती, तिथे तो बिऱ्हाड घेऊन निघाला. अदूची शाळाही बदलली. जाताना अदूने टेम्पोतून हात हलवला. अर्जदारानेही हलवला. अर्जदाराच्या डोळ्यांना पाणी आले होते, खोटे कशाला सांगा. तेवढ्यात कीर्ती मोबाईल सावरत म्हणाली, "अदू, आजोबांना पुन्हा एकदा टाटा कर, ऊन आलं मध्ये." पोरीने मान जरा तिरपी केली आणि पुन्हा हात हलवला. आणि साहेब, अर्जदारानेही पुन्हा हात हलवला. तो व्हिडिओ आजवर सर्वांत जास्त पाहिला गेलेला आहे. लोकांनी खाली लिहिले आहे, असे आजोबा सर्वांना मिळोत. नर्मदा टेम्पो वळेपर्यंत उभी होती. मग आत जाता जाता म्हणाली, "आधी कागदानं पोर अडकवलीत, आता कागदानंच घालवलीत. आता तिसरा लिहू नका." मधल्या सात अर्जांनी काहीच झाले नाही, म्हणून ते ती मोजत नाही. हा तिसरा आहे, आणि तो तिच्या नकळत लिहिला आहे.

१२. वेवजीची परिस्थिती अशी. घर महाराष्ट्रात आहे. चित्रीकरणासाठी शैलेशने जी आमराई धरली आहे ती हद्दीपलीकडे, गुजरातेत, चालत दहा मिनिटांवर. अर्जदार घोलवडहून गाडीने उंबरगावला उतरून रिक्षाने तिथे दोनदा जाऊन आला. दोन्ही वेळा अदू चित्रीकरणात होती, भेट झाली नाही. इकडचे म्हणतात, मुलगी तिकडे काम करते. तिकडचे म्हणतात, "काका, छोकरी तो महाराष्ट्रनी छे." म्हणजे पोर घरी असते तेव्हा काम करत नाही आणि काम करते तेव्हा घरी नसते. असे असून काम मात्र घरचे. कायदे करणारे हुशार लोक असतात, त्यांनी ही फट मुद्दाम ठेवली असे अर्जदार म्हणत नाही. शेतकऱ्याच्या पोराने शेण भरले, कोळ्याच्या पोरीने जाळे धरले, तर आईबापांना तुरुंगात घालू नये, हा चांगलाच विचार होता. तेव्हा घरचा उद्योग म्हणजे अंगण होते, आणि अंगणात नऊ लाख माणसे मावत नसत. आता मावतात. हे कोणीतरी कागदावर घ्यायला हवे. ते घेणारे कोण, एवढेच अर्जदार चार महिने विचारत फिरतो आहे.

१३. सबब अर्जदाराची प्रार्थना आहे की, ज्या मुलाचे चित्रण आईबाप रोज लोकांसमोर मांडतात त्या मुलास घरचा मदतनीस न समजता कलाकार समजावे. तास ठरवावेत. विश्रांती ठरवावी. आणि महिन्यातून एकदा कोणी परक्या माणसाने, आईबाप खोलीत नसताना, त्यास विचारावे की बाळ, तुला हे करायचे आहे का. उत्तर "नाही" असे आले तर ते नाहीच समजावे. हे सर्व बघण्यासाठी एका, फक्त एका अधिकाऱ्याचा हुद्दा लिहून ठेवावा, म्हणजे पुढच्या म्हाताऱ्याला इतकी दारे हिंडावी लागणार नाहीत. बालकाचे कुटुंब म्हणजे कोण, त्या यादीत आजी-आजोबा घ्यावेत. आणि दि. १८ ऑगस्टचा खुलासा रद्द करावा. तो खोटा नाही. त्यातले प्रत्येक वाक्य खरे आहे, म्हणूनच तो रद्द करावा. अर्जदारावर काही कारवाई करायची असल्यास निवृत्तिवेतन चालू आहे, पत्ता वर दिला आहे. सात उत्तरांच्या व खुलाशाच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.

१४. आता शेवटचे, आणि हे तातडीचे आहे. अदू गेल्यापासून अर्जदार व नर्मदा रोज संध्याकाळी सहाला, नवा व्हिडिओ आला की, ओट्यावर बसून तो पाहत असत. नर्मदेस नीट दिसत नाही, म्हणून अर्जदार सांगे, आज केस कापलेत, आज तो पिवळा फ्रॉक घातलाय, जरा बारीक दिसते. नर्मदा विचारी, "दात आला का नवा?" मग तो भाग थांबवून, बोटांनी मोठा करून बघावे लागे. तेवढीच नात. मागच्या आठवड्यात विनिताबाई घरी येऊन गेल्या. त्यांना अर्जदाराने हे सांगितले, तर त्या म्हणाल्या, "काका, रागावू नका. पण तुम्ही रोज बघता ना, म्हणून तर ते रोज करतात. तो आकडा वाढतो त्यात एक तुम्ही आहात." गेल्या गुरुवारी पाहिले तेव्हा अदूचा आवाज बसला होता आणि डोळे तापात असतात तसे चमकत होते. मध्ये ती खोकली, तिथे कापले होते, पण कापल्याचे कळत होते. अर्जदाराने लगेच शैलेशला फोन केला. तो म्हणाला, "बरी आहे हो. आणि रोज टाकतोच आहे की बाबा, बघत जा ना." त्यानंतर फोन उचलला गेला नाही. शैलेश व कीर्ती हद्दीपलीकडे असतात तेव्हा रेंज नसते म्हणे.

शुक्रवारपासून आज चौथा दिवस, आम्ही मोबाईल उघडलेला नाही. सहा वाजतात. नर्मदा तो मांडीवर पालथा घालून बसते. उघडला तर आमचा एक आकडा वाढतो, आणि उद्या तिला पुन्हा उभे करतात. नाही उघडला तर पोरीचा ताप उतरला की चढला, ते आम्हाला कोण सांगणार? कायदा बदलायला वर्षे लागतात हे अर्जदार जाणून आहे, त्याची घाई नाही. पण आज सहा वाजता आम्ही दोघांनी पाहावे की पाहू नये, साहेब, तेवढे तरी कोणीतरी सांगावे.

आपला नम्र, कोणाच्याच अखत्यारीत न येणारा,

(सही)
काशीनाथ नारायण सावे
मु. चिखले, ता. डहाणू
दि. २ फेब्रुवारी २०२६, दुपारी साडेचार